सराव मोडला तर घोड्याचा आराखडा पुन्हा कसा बसवायचा

दत्तजयंतीला तापीकाठी घोडेबाजारासाठी ओळखली जाणारी सारंगखेड्याची यात्रा भरते. तिथल्या स्पर्धेत घोडा उतरवायचा म्हणून पोळ्याच्या आसपास बारा आठवड्यांचा सराव आखला जातो आणि बहुतेकदा तो मध्येच मोडतो. परतीचा पाऊस मैदानाचा चिखल करतो, खुरात पू होतो, नाहीतर कालपर्यंत शहाणा असलेला घोडा आज अडून बसतो. म्हणून आखतानाच बारांपैकी तीन आठवडे मोकळे सोडा. खाडा पडला तर तारीख सरकवा, पायरी मात्र गाळू नका.

पायरी का गाळायची नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. घोड्याचा दमसास काही आठवड्यांत तयार होतो आणि दोन-तीन आठवड्यांच्या विश्रांतीने फारसा उतरतही नाही. पायाच्या नसा (म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा, रक्तवाहिन्या नव्हेत), सांधे बांधणारे पट्टे आणि हाडे यांना मात्र बळकट व्हायला महिने लागतात. त्यामुळे विश्रांतीनंतर घोडा ताजातवाना दिसतो, पळायला मागतो, दमत नाही, आणि मालक पहिल्याच आठवड्यात त्याला जुन्या वेगावर आणतो. मोठ्या इजा अशाच वेळी होतात.

खाडा पडला त्या दिवशी

आधी आकडे घ्या. उभ्या, शांत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटे ठेवून 15 सेकंद मोजा, चौपट करा. श्वास मिनिटाला 8 ते 16, अंगाचे तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस. मग चारही पायांवरून गुडघ्यापासून खुरापर्यंत हात फिरवा आणि डाव्या-उजव्याची तुलना करा. ऊब, सूज, दाबल्यावर पाय ओढून घेणे या तीन गोष्टी शोधायच्या. कठीण जमिनीवर दुडकी (कदमापेक्षा वेगवान, दोन ठेक्यांची चाल) चालवून पाहा: पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो.

काम थांबले की त्याच दिवशी चंदी (दाण्याचा खुराक) निम्मी करा, वैरण कमी करू नका. 350 किलोच्या घोड्याला दिवसाला 6 ते 7 किलो कोरडी वैरण हवीच. पूर्ण हरभरा-जव खाऊन उभा राहिलेला घोडा कामावर परत काढला की मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू आखडून जागीच थांबू शकतो, लघवी गडद तपकिरी होते. असे झाले तर त्याला चालवत घरी नेऊ नका, आहे तिथे उभा ठेवून डॉक्टर बोलवा. काम वाढेल तशी चंदी 7 ते 10 दिवसांत हळूहळू पूर्ववत करा.

पावसाळ्याच्या शेवटी खुरातला पू हे खाड्याचे नेहमीचे कारण. रात्रीत घोडा पाय टेकेनासा होतो, खूर गरम लागतो, खुराच्या वरची नाडी जोरात उडते. पाहणाऱ्याला पाय मोडल्यासारखे वाटते. डॉक्टर किंवा जाणता नालबंद पुवाला वाट करून देतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत आराम पडतो. खूर बांधून कोरडा ठेवा. वेदनाशामक चालू असताना लंगड तपासू नका. औषध उतरल्यावर चार दिवस दुडकी साफ दिसली तरच खोगीर चढवा.

नळीच्या (गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या) मागची नस, म्हणजे कंडरा, गरम आणि फुगलेली असेल तर गोष्ट वेगळी आहे. दिवसातून तीनदा 20 मिनिटे गार पाण्याची धार, पूर्ण विश्रांती आणि सोनोग्राफी. ही नस भरायला बरेच महिने लागतात, कधी वर्षही. यंदाची यात्रा सोडा. अंगात येऊन-जाऊन ताप, पोटाखाली किंवा पायांना सूज, खाऊनही रोडावणे अशी लक्षणे दिसली तर गोमाशांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासून घ्या.

परत चढताना

आजार-दुखापत नसताना आठवडाभराचा खाडा असेल तर दोन दिवस नुसता कदम (साधी चाल), मग खाड्याआधीच्या आठवड्याचे काम. दोन-तीन आठवडे गेले असतील तर पहिल्या आठवड्यात फक्त कदम, 20 मिनिटांवरून 40 पर्यंत. दुसऱ्या आठवड्यात त्यात दोन-दोन मिनिटांच्या चार दुडक्या. महिन्याहून जास्त खाड्याला तीन-चार आठवडे कदम आणि सहाव्या आठवड्याआधी कॅंटर (दुडकीच्या वरची, संथ धाव) नाही. रेवाल चालीला (स्वाराला धक्के न देणाऱ्या वेगवान चालीला) दुडकीचाच नियम लावा. बाजारात गिऱ्हाईक रेवालच बघते म्हणून इथे सगळ्यांची घाई होते, आणि नेमकी ती घाई घोड्याच्या पाठीवर येते.

एका वेळी एकच गोष्ट वाढवा: वेळ, वेग किंवा जमिनीचा कठीणपणा. काम संपल्यावर 10 मिनिटांनी नाडी 60 च्या खाली यावी आणि दुसऱ्या सकाळी चारही पाय थंड असावेत. यातले एक जरी चुकले तरी तीच पायरी आणखी तीन दिवस करा. रोजची नोंद वहीत ठेवा: मिनिटे, जमीन, नाडी, पाय. खचलेल्या मनाला मागच्या पानांवरची प्रगती दिसते, हा वहीचा मोठा उपयोग आहे.

घोडा अडतो तेव्हा

चाबूक हातात घेण्याआधी दुखणे शोधा. खोगीर काढल्यावर घामेजल्या पाठीवर कोरडा डाग राहिला असेल तर तिथे खोगीर दाबते आहे. चावलेल्या वैरणीचे गोळे तोंडातून पडत असतील तर दाढा घासून घ्या. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणे, लगाम लागताच मान झटकणे याही तक्रारीच आहेत.

दुखणे नाही असे ठरले तर घोडा जी पायरी शेवटची शांतपणे करत होता तिथे परत जा. गाडीत चढत नसेल तर फळीपाशी नेऊन उभा करा, एक पाऊल पुढे टाकताच दोर सैल सोडा. दोर ज्या क्षणी सैल होतो तोच घोड्याचा धडा. दोन सेकंद उशीर झाला तर तो दुसरेच काही शिकतो. तीनदा नीट झाले की थांबा. 20 मिनिटांच्या वर ओढाताण नको. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर विश्रांतीच्या काळातही मागे सरणे, पुठ्ठा बाजूला करणे, पाय उचलू देणे हे धडे चालू ठेवा. सराव थांबला तरी घोड्याचे शिकणे थांबत नाही.

यात्रेच्या 21 दिवस आधीचा दिवस निर्णयासाठी आखून ठेवा. त्या दिवशी 30 मिनिटांच्या कामानंतर दुसऱ्या सकाळी पाय थंड नसतील तर घोडा यंदा स्पर्धेत उतरवू नका. गाडीची आणि जागेची आगाऊ रक्कम तोवर देऊ नका, म्हणजे पैशाच्या भीतीने निर्णय फिरणार नाही.