वनस्पती अर्काची जिवाणूरोधी चाचणी: या चुका टाळा

प्लेटमधल्या अगारवर (जिवाणू वाढवायच्या जेलीवर) अर्काभोवती स्वच्छ झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेली जागा, दिसला की काम फत्ते, असं समजू नका. तो झोन विद्रावकाचाही असू शकतो. अर्क नीट वाळला नसेल तर त्यात उरलेलं मिथेनॉलच जिवाणूंची वाढ रोखतं. म्हणून ४० अंश सेल्सिअसच्या वर न जाता विद्रावक उडवा, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, मगच डीएमएसओ या विद्रावकात विरघळवा. प्रत्येक प्लेटवर एका वेलमध्ये (अगारमध्ये पाडलेल्या खड्ड्यात) तेवढंच नुसतं डीएमएसओ हवंच. हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा अर्काविना वेल, नसलेल्या निकालावर विश्वास ठेवू नये.

अर्क निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह केला, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवला, तर उष्णतेने नाजूक घटक मोडतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा, पण सेल्युलोज ॲसिटेटचा फिल्टर डीएमएसओत विरघळतो, म्हणून पीटीएफई या प्लास्टिकचा वापरा.

झोन दर वेळी वेगळा येतो? आधी अगारची जाडी पाहा. ती ४ मिमी हवी, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली म्युलर-हिंटन अगार. जाड थरात झोन लहान येतो. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफारलंडचं (गढूळपणा मोजायच्या मापाने) करा आणि १५ मिनिटांत पसरा. पातळ झालं तर झोन उगाच मोठा दिसतो. झोन वेडावाकडा असेल तर अर्क बहुधा वेलच्या तळातून अगारखाली झिरपतोय. वितळलेल्या अगारचा एक थेंब टाकून तळ बंद करा.

सगळ्यात मोठी गफलत तुलनेत होते. १०० मिग्रॅ/मिली अर्काचे १०० मायक्रोलिटर म्हणजे वेलमध्ये १० मिलिग्रॅम. जेंटामायसिन या अँटिबायोटिकच्या डिस्कवर (औषध लावलेल्या कागदी चकतीवर) फक्त १० मायक्रोग्रॅम. हजारपट फरक असताना ‘अँटिबायोटिकइतकाच प्रभावी’ हे लिहिणं चूकच. दोन अर्कांचे झोनही थेट तोलू नका. पाण्यात न विरघळणारे घटक अगारमध्ये फारसे सरकत नाहीत, त्यामुळे चांगला अर्कही झोन न देता हुकतो. तुलना करायची तर ९६ वेलच्या प्लेटमध्ये एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी सर्वांत कमी तीव्रता, काढा. जिवाणू मिलीमागे ५ लाख आणि डीएमएसओ शेवटी १ टक्का किंवा कमी ठेवा.

तिथे वाढ दाखवणारा रंग रेझाझुरिन फसवू शकतो. जिवंत जिवाणू त्याला निळ्याचा गुलाबी करतात. पण अँटिऑक्सिडंट अर्क जिवाणूंशिवायही निळा रंग गुलाबी करतो आणि वाढ झाल्याचा भास होतो. प्रत्येक तीव्रतेला अर्क, माध्यम आणि रंग असलेला, पण जिवाणू नसलेला वेल ठेवा. तोही गुलाबी झाला, तर रंग सोडा. वेलमधला नमुना अगारवर लावून वाढ तपासा.