वाईट दिवसांत भजनी मंडळात कसं शिरायचं आणि टिकायचं कसं

नोकरी गेली, घरातलं माणूस गेलं, मोठं आजारपण निघालं की सल्ले द्यायला सगळे हजर होतात. कोण म्हणतं पूर्वकर्म आहे, कोण म्हणतं देव परीक्षा बघतोय. असल्या लोकांना चहा पाजा आणि वाटेला लावा. दुःखानं माणूस आपोआप मोठा बिठा होत नाही, उलट कडवट झालेले मी जास्त बघितलेत. त्या काळात तुम्ही कोणात बसताउठता त्यावर बरंच ठरतं एवढंच माझं मत आहे, आणि पुण्यात त्यासाठी सगळ्यात सोपी, फुकट आणि बिनफॉर्मची सोय म्हणजे जवळचं भजनी मंडळ.

आता शोधायचं कसं. घराजवळच्या विठ्ठलाच्या नाहीतर मारुतीच्या देवळात संध्याकाळी जाऊन बघा, हरिपाठाची वेळ बहुतेक फळ्यावर खडूनं लिहिलेली असते, नसली तर पुजाऱ्यांना विचारा. बायकांची मंडळं दुपारी बसतात, पुरुषांची रात्री जेवणं उरकल्यावर. कोथरूड, सिंहगड रोडकडं सोसायट्यांच्या हॉलमधे पण चालतं. जिथं पहिल्याच दिवशी पैशाचं काढतात किंवा देवापेक्षा एखाद्या महाराजांचा फोटो मोठा लावलाय तिथून चप्पल घालायची आणि निघायचं.

पहिल्या दिवशी कोपऱ्यात बसा. येत नसेल तर नुसत्या टाळ्या वाजवा, कोणी काही म्हणत नाही. आपली कहाणी सांगायची घाई नको आणि कोणी विचारलं नाही म्हणून वाईटही वाटून घेऊ नका, तिथली पद्धतच तशी आहे, लोक 'राम कृष्ण हरी' म्हणून नमस्कार करतात आणि सरकून जागा देतात. मग एखादं काम धरा. सतरंज्या घालणं, टाळ पुसून पिशवीत भरणं, पंगतीला पाणी वाढणं काहीही. आमच्याकडं एक काकू यायच्या, मिस्टर गेल्यानंतर त्यांना भजन म्हणायला आवाजच फुटायचा नाही, तर त्या नुसत्या सतरंज्या झटकायच्या आणि दाराशी विस्कटलेल्या चपला ओळीत लावायच्या, सगळं आवरून पार शेवटी आत येऊन बसायच्या. पुढं कधीतरी चाल उचलायला लागल्या, कधी ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात नाही.

रात्री झोप लागत नसेल तर अखंड हरिनाम सप्ताहाची वाट बघा आणि वीणेचा मध्यरात्रीनंतरचा पहारा मागून घ्या. सप्ताह चालू असेपर्यंत वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात, एकमेकांच्या पाया पडून. दोन ते चारला माणूस मिळता मिळत नाही त्यामुळं तुम्ही मागितला की मंडळी खूश होतात. घरी छताकडं बघत जे डोक्यात फिरतं तेच इथंही फिरतं, पण हातात वीणा असते, तोंडात नाम असतं, आणि चार वाजता पुढचा माणूस येणार असतो.

तुकोबांचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धंच देतात. १६३० च्या आसपासच्या दुष्काळात बायको गेली, मुलगा गेला, धंद्याचं दिवाळं निघालं, मग ते भंडारा डोंगरावर जाऊन बसले, इथवर सगळ्यांना पाठ असतं. पण ते डोंगरावरच राहिले नाहीत ना. खाली देहूत कीर्तनाला उभे राहिले आणि परंपरेत त्यांच्यामागं चौदा टाळकरी सांगतात. एकांत पाहिजेच, नाही म्हणत नाही, पण टाळकरीही पाहिजेत.

बोलावंसं वाटलं की मात्र बोला. ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीत मुक्कामाला समाजआरती असते, चोपदारानं, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणाऱ्या माणसानं, दंड उंच केला की अख्खा तळ गप्प होतो, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिच्याकडं जाऊन ऐकून घेतात. म्हणजे एवढ्या शिस्तीच्या सोहळ्यात गाऱ्हाण्यासाठी आवाज करायची मुभा ठेवलीये! मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाला गाठून सरळ सांगा, माऊली, माझं बरं चाललेलं नाही. आणि डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या, भजनाला जातोय म्हणून बंद करायच्या नाहीत.

आषाढी वारीत एक दिवस चालायचं असेल तर पुणे ते सासवड घ्या. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबांची लोणी काळभोरकडं जाते आणि माऊलींची दिवे घाट चढून सासवडला. तीसेक किलोमीटरची चाल आहे, नवे बूट घालू नका, पायातले जुनेच बरे. आधी ओळखीनं एखाद्या दिंडीत विचारून ठेवा, नाहीतर नुसत्या गर्दीतून चालून याल. घाटात पाय बोलायला लागतात तेव्हा शेजारचा अनोळखी माणूस पुढचं चरण तुमच्यावर टाकतो आणि म्हणावंच लागतं.

मंडळात भांडणंही असतात हे आधीच सांगून ठेवतो. माइक कोणाचा, चाल कोणी बिघडवली, प्रसादाला यावेळी साबुदाणा का. पहिलं वर्ष तरी कोणाचीच बाजू घेऊ नका. आणि उत्साहात लगेच टाळ विकत घेऊ नका, मंडळाच्या पिशवीत जास्तीचे असतात. पुढं आळंदीला जाल तेव्हा दुकानात दोन-चार जोड वाजवून बघा, फार जड घेऊ नका, बोटं सोलतात.