एअर रायफलीचे पेलेट कसे निवडावेत: कमी खर्चात जमणारी पद्धत

परदेशी नेमबाजांचे व्हिडिओ बघून पोरं घरी विचारतात, "हँडल ओढलं की गोळी भरून बाहेर पडते, ते यंत्र आपण घेऊया की!" त्याला प्रोग्रेसिव्ह प्रेस म्हणतात. रिकाम्या पुंगळीत नवी टोपी (दारू पेटवणारा भाग) बसवायची, दारू मोजून घालायची, वर गोळी दाबायची, ही सगळी कामं त्यावर ओळीनं होत जातात. अमेरिकेत हा घरगुती छंद आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करायला मनाई आहे, मग तो कारखान्यात करा नाहीतर माळ्यावर. तेव्हा तो विषय तिथंच मिटला.

आणि खरं सांगायचं तर कोल्हापूरच्या मोठ्या पदकांना त्या यंत्राचा उपयोगही नव्हता. तेजस्विनी सावंतचं २०१० मधलं म्युनिकचं विश्वविजेतेपद, राही सरनोबतचं २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधलं कांस्य, हे सगळे पॉइंट टू टू रिमफायर काडतुसांचे प्रकार. रिमफायरमध्ये पेट घेणारा मसाला पुंगळीच्या काठातच भरलेला असतो. ती एकदा उडाली की संपली, पुन्हा भरायचा प्रश्नच येत नाही. या पातळीवरचे नेमबाज गोळी भरत बसत नाहीत, निवडतात. वेगवेगळे लॉट, म्हणजे कारखान्यात एका वेळी बनलेला माल, आपल्या बॅरलमधून (नळीतून) मारून बघतात आणि जमलेला लॉट साठवून ठेवतात.

हीच निवड १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल शिकणाऱ्यालाही करता येते, तीही फार पैसे न घालता. पेलेट म्हणजे हवेच्या दाबानं सुटणारी शिशाची छोटी गोळी. तिच्यात दारू नसते, आणि ४.५ मिमी बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या), २० जूलच्या आतल्या एअर गनला परवानाही लागत नाही.

आधी गरज ओळखा

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथं. पोरगं रेंजवर जायला लागलं की पालक पहिल्याच महिन्यात महागातला जर्मन मॅच पेलेटचा डबा आणतात. थांबा जरा.

रायफलीच्या टार्गेटवर दहाचा ठिपका फक्त अर्धा मिमीचा असतो आणि एका रिंगेपासून दुसरी २.५ मिमीवर. म्हणजे दशांश गुणांत ०.१ गुण म्हणजे पाव मिमी. पिस्तुलाचं दहाचं वर्तुळ मात्र ११.५ मिमीचं आणि रिंगांमधलं अंतर ८ मिमी. पेलेटमुळे गोळी एखादा मिमी इकडेतिकडे गेली तर रायफलवाल्याला ती लगेच बोचते, पिस्तूलवाल्याला बराच काळ कळतसुद्धा नाही. म्हणून पिस्तूल शिकणाऱ्यानं पहिलं वर्ष साध्या सरावाच्या पेलेटवर काढलं तरी काही बिघडत नाही. रायफलवाल्यानं उभं राहून मारलेला आपला ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाडलेल्या भोकांचा पुंजका, बघावा. तो रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा असेल तर दोष पेलेटचा नाही, आणि ते पैसे शूटिंगच्या बुटांना किंवा जॅकेटला लावलेले बरे.

मग हिशेब. डब्यात साधारण ५०० पेलेट असतात. मॅच ६० शॉटची. आधीचे साइटर (नेम जुळवायचे, गुण न धरले जाणारे शॉट) धरले तर एका डब्यात सहा-सात मॅच होतात. रोज शंभर मारणाऱ्याचा डबा पाच दिवसांत रिकामा. हा आकडा डोळ्यांसमोर ठेवला की सरावाचा पेलेट वेगळा आणि मॅचचा वेगळा का ठेवायचा ते आपोआप पटतं.

डबा वाचा

तोंड चपटं हवं. चपट्या तोंडाचा पेलेट कागदात पंच मारल्यासारखं गोल, स्वच्छ भोक पाडतो. टोकदार किंवा घुमटाच्या आकाराचा पेलेट कागद फाडतो, त्यामुळे काठाचा गुण वादात जातो. दुकानदार "हा जास्त ताकदीचा आहे" म्हणून टोकदार पुढं करेल, तो घेऊ नका.

डब्यावर दोन आकडे शोधा. एक वजन: रायफलीसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपास, पिस्तुलासाठी सहसा त्याहून हलका, ०.४५ ते ०.४९. दुसरा आकडा डोक्याच्या मापाचा: ४.४९, ४.५०, ४.५१ असा. स्वस्त डब्यांवर नुसतं ४.५ लिहिलेलं असतं. सरावाला ते चालतं, पण दोन डब्यांत सारखेपणाची अपेक्षा ठेवू नका. चांगल्या डब्यावर लॉट नंबरही असतो. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पुढं लागतो.

काचेवर लोळवा

पेलेटचा मागचा पोकळ घेर म्हणजे स्कर्ट. हवा मागून धक्का देते तेव्हा हा घेर फुगून बॅरलच्या आट्यांना घट्ट बसतो. तो एका बाजूनं चेपलेला असेल तर हवा तिथून निसटते आणि पेलेट बॅरलच्या तोंडातून बाहेर पडतानाच कलतो. कुरिअरमध्ये आदळलेल्या डब्यात असे बरेच निघतात. म्हणूनच महाग पेलेट फोमच्या खाचांत एकेक बसवून येतात.

पांढऱ्या कागदावर पन्नासेक पेलेट पसरा, दिव्याखाली भिंगातून स्कर्ट बघा. चेप, शिशाचा चिकटलेला कण, काठावरची लव दिसली की तो बाजूला. मग खिडकीच्या काचेचा जुना तुकडा घ्या, एक बाजू वहीच्या जाडीइतकी उचलून ठेवा आणि वरच्या कडेला एकाच जागेवरून एकेक पेलेट सोडा. डोकं आणि स्कर्ट यांचा व्यास सारखा नसल्यानं तो सरळ न जाता बाक घेत लोळतो. चांगले पेलेट एकाच बाकानं येऊन जवळपास एकाच ठिकाणी थांबतात. चेपलेला मध्येच अडखळतो, लचकतो, दुसरीकडेच जातो. हे काम पोरांना फार आवडतं. त्यांच्याकडूनच करून घ्या. बाजूला काढलेले फेकू नका, साइट जुळवायला आणि नवशिक्याला ट्रिगर शिकवायला ते चालतात.

वजन करायचं का?

बरेच जण हौसेनं करतात. माझं मत, शेवटी करा, आणि तेही रायफलवाल्यानंच. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा इथं कामाचा नाही, कारण त्यावर बहुतेक पेलेट ०.५३ असेच दिसतील. मिलिग्रॅम दाखवणारा काटा लागतो. पंखा बंद, खिडकी बंद, काटा सपाट फरशीवर, आणि दर थोड्या वेळानं सोबतच्या वजनानं तपासणी. पंखा चालू राहिला तर शेवटचा आकडा नाचत राहतो आणि तासभराची मेहनत पाण्यात. चांगल्या डब्यात फरक काही मिलिग्रॅमचाच निघतो. स्वस्त डब्यात जास्त निघतो, पण तिथं काचेवरची चाळणीच निम्मं काम करून गेलेली असते.

खरी परीक्षा बॅरलची

रेंजवर जुने लोक सांगतात, "डब्यावरचं नाव बघू नगा, नळी काय मागतीया ते बघा." एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळी मापं जमतात. त्यामुळे मित्राचा गुण बघून त्याचा पेलेट उचलू नका.

ही चाचणी घरी नाही, रेंजवर प्रशिक्षकासमोर करा. मॅचची एअर रायफल व्हाइसमध्ये (आवळून धरणाऱ्या शिकंज्यात) धरायची असते. व्हाइसच्या जबड्याला जाड चामडं किंवा रबर लावा आणि पकड ॲक्शनजवळ (पेलेट भरायच्या यंत्रभागाजवळ) घ्या. बॅरल कधीही आवळू नका. असला व्हाइस कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांत बसवून मिळायला अडचण नाही, चार नेमबाजांनी मिळून एक केला तर खर्च नावापुरता. स्प्रिंगची रायफल असेल तर मात्र व्हाइस नको. ती सुटताना मागेपुढे हलते आणि आवळून धरली की ग्रुप उलट बिघडतो. ती मऊ पिशवीवर, हाताच्या तळव्यावर सैल ठेवून मारायची.

पेलेट बदलला की पहिले दहा-वीस शॉट मोजू नका. आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर बॅरलमध्ये असतो, तो नव्याशी जुळवून घेतो. मग प्रत्येक मापाचे पाच-पाच शॉटचे निदान तीन ग्रुप, मागे कडक पुठ्ठा लावलेल्या कोऱ्या कागदावर. व्हर्नियरनं भोकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि त्यातून ४.५ वजा करा. कड ते कड ७.५ आलं तर ग्रुप ३ मिमी. एका छान ग्रुपवर भाळू नका, तिन्हींत सारखं वागणारं माप घ्या.

जमलं की त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. एकट्याला परवडत नसेल तर तेच माप जमणारा दुसरा नेमबाज शोधून वाटून घ्या. पुढच्या वर्षी तेच नाव, तेच माप मिळेल, पण तोच लॉट मिळेलच असं नाही.

पावसाळा आणि शिसं

कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत उघडा डबा राहिला की पेलेटवर पांढरी भुकटी धरते. ती शिशाचीच आणि विषारी. असे पेलेट पुसून वापरू नका. डबा घट्ट बंद करून, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद बरणीत ठेवा, स्वयंपाकघरात नको. दुकानात जुना साठा स्वस्तात देत असतील तर आधी डबा उघडून बघा. पेलेट तोंडात धरायची जुनी सवय काही जणांना असते, ती पोरांना लागू देऊ नका. रेंजवरून आल्यावर साबणानं हात धुवूनच ताटावर बसायचं.

नवीन डबा उघडला की झाकणाच्या आत मार्करनं रायफलीचा नंबर, लॉट, माप आणि ग्रुपचा आकडा लिहून टाका.