परदेशातलं विमान बर्फात अडकलं, तर गावाकडून काय करता येतं

2 डिसेंबर 2023, शनिवार. अंगणात मांडवाच्या बल्ल्या उभ्या राहिल्या होत्या. आदल्या आठवड्याच्या अवकाळीत भिजलेला कापूस आई घरातच खाटेवर पसरून वाळवत होती. तेवढ्यात म्यूनिकहून धाकट्या बहिणीचा फोटो आला. खिडकीबाहेर सायकलींची नुसती हँडलं दिसत होती, बाकी सगळं बर्फाखाली. विमानतळ बंद, रेल्वेही बंद. आणि बुधवारी चुलत बहिणीचं लग्न. आई काकूला म्हणाली, "आता कशी येईन व पोरगी?"

हळद हुकली, पण लग्नाला ती पोचली. आता आपल्या खेड्यांतली पोरंही जर्मनी, कॅनडा, अमेरिकेला आहेत, आणि आपले लग्नाचे मुहूर्त नेमके त्यांच्या बर्फाच्या दिवसांत येतात. म्हणून त्या चार दिवसांत जे शिकलो ते सांगतो.

तिकीट काढतानाच

कार्याच्या किमान तीन दिवस आधी गावात पोचेल असं तिकीट काढा. आम्हीही तसंच काढलं होतं, म्हणूनच निभावलं. दुसरं, सगळा विमानप्रवास एकाच तिकिटावर असू द्या. पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं, तर एकाच तिकिटावर कंपनी पुढची सोय करते. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगळी तिकिटं काढली, तर दुसऱ्याचे पैसे सहसा बुडतात. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीमार्गे येणंही टाळा. तिकडच्या बर्फातून सुटलेलं माणूस इथल्या धुक्यात अडकतं. मुंबई बरी.

निघण्याच्या आदल्या दिवशी

तिकिटाची पीडीएफ, पीएनआर आणि पासपोर्टवरचं आडनाव, स्पेलिंगसकट, घरातल्या एकाकडे पाठवून ठेवायला सांगा. एकाकडेच, सगळ्या गोतावळ्याच्या ग्रुपवर नको. औषधं, चार्जर, पॉवर बँक आणि लग्नात नेसायची साडी हातातल्या बॅगेत. मोठी बॅग एकदा आत गेली की विमान रद्द झाल्यावरही ती लवकर हाती येत नाही.

विमान रद्द झालं की

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. घाबरून स्वतःच तिकीट रद्द करू नका. प्रवाशाने रद्द केलं की पैसे तिकिटाच्या अटींप्रमाणे कापले जातात. कंपनीने विमान रद्द केलं, तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे यांतलं एक मागता येतं. युरोपीय संघाच्या देशांतून निघणाऱ्या विमानांना त्या संघाचा 261/2004 हा प्रवासी-हक्कांचा नियम लागू आहे. अडकलेल्या प्रवाशाचं जेवण आणि रात्रीचा मुक्काम त्यात कंपनीकडे येतो, मग कारण बर्फाचं का असेना. वर 250 ते 600 युरोची भरपाई असते, ती मात्र हवामानामुळे रद्द झालं तर मिळत नाही. तिच्यासाठी भांडण्यात वेळ घालवू नका. अमेरिकेत हवामानामुळे अडकलात, तर हॉटेल देण्याचं बंधन कंपनीवर नाही.

आता आपलं काम. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. आपल्याकडे सकाळचे सहा वाजतात तेव्हा तिथे रात्रीचा दीड. तिकडे हजारो माणसं रांगेत थकून झोपलेली असतात, तेव्हा इथून कंपनीच्या भारतातल्या नंबरवर फोन लवकर लागतो. रविवारी पहाटे मी वावराच्या बांधावर, जिथे रेंज मिळते तिथे, चाळीस मिनिटं फोन कानाला धरून उभा होतो. सोमवारची जागा मिळाली ती अशी. बदलाला प्रवाशाचा होकार लागतो, म्हणून "भाऊ माझ्या वतीने बोलेल" असा ईमेल तिने रात्रीच कंपनीला करून ठेवला होता. फोन करताना पर्याय हाताशी ठेवा: "मुंबई नसेल तर हैदराबाद चालेल" असं लगेच सांगता आलं पाहिजे.

विमानतळ उघडलं म्हणजे सुटलो, असं समजू नका. प्रत्येक विमानाच्या पंखांवरचा बर्फ गरम द्रावण फवारून काढावा लागतो, आणि त्याचा असर थोडाच वेळ टिकतो. रांग लांबते. नवीन विमान निघणार हे पक्कं कळल्याशिवाय तिला घराबाहेर पडू देऊ नका.

आणि दर तासाला मामा, मावशी, आत्या सगळ्यांनी फोन लावू नयेत. तिची बॅटरी तिला लागते. एकाने बोलावं, बाकीच्यांनी त्याला विचारावं.

मुंबई ते गाव

रेल्वेचं आधी काढलेलं तिकीट हातचं जातं, हे धरून चला. तत्काळ आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला उघडतं. ते गावातून कोणीतरी काढून ठेवावं. पण विमान तिकडून उडाल्यावरच, कारण कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत. बहीण मंगळवारी मुंबईत उतरली आणि संध्याकाळच्या विदर्भ एक्सप्रेसने बुधवारी पहाटे अकोल्याला.

घरच्या कार्याचं

येणाऱ्याच्या नावावर एखादा विधी अडवून ठेवू नका. करवलीचा मान तिचा होता. मंगळवारी हळदीला तो मावसबहिणीला दिला, तेव्हा काकूचे डोळे भरले. पण वाटीभर हळद तिने झाकून बाजूला ठेवली, आणि बुधवारी सकाळी बहिणीने स्वेटर न काढताच ती नवरीच्या गालाला लावली.

लग्न आटोपल्यावर एक काम राहतंच: अडकलेल्या दिवसांतली जेवणाची, मुक्कामाची, टॅक्सीची बिलं. कंपनीने सोय केली नसेल आणि पदरचे पैसे घातले असतील, तर त्यांचे फोटो जोडून कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो. थर्मल कागदावरची अक्षरं लवकर पुसट होतात, म्हणून बिल हातात पडताच फोटो काढायला सांगा.