परदेशी पायलट लायसन्स भारतात बदलून घेताना

परतीचं तिकीट काढण्याआधी लॉगबुक आणि वही-पेन घेऊन बसा. परदेशातलं कमर्शियल पायलट लायसन्स भारतात बदलून घेताना डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, तास मोजतं ते एअरक्राफ्ट रूल्स १९३७ च्या दुसऱ्या परिशिष्टाप्रमाणे. तिकडच्या स्कूलने मांडलेला हिशेब त्याच्याशी जुळेलच असं नाही.

एकूण २०० तास लागतात. त्यात पायलट-इन-कमांड (पीआयसी), म्हणजे विमानाची जबाबदारी तुमच्यावर असलेले, १०० तास. त्यातले १५ तास अर्जाच्या आधीच्या ६ महिन्यांतले हवेत. पीआयसी क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे जाणारी लांबची उड्डाणं, २० तास, आणि त्यात ३०० नॉटिकल मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून. इन्स्ट्रुमेंटचे, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याचे, १० तास, रात्रीचे ५ तास आणि रात्रीचे १० टेकऑफ, १० लँडिंग. इन्स्ट्रुमेंट रेटिंगही हवं असेल (एअरलाइनकडे जायचं असेल तर हवंच) तर क्रॉस-कंट्री पीआयसी ५० तास आणि इन्स्ट्रुमेंट ४० तास.

सगळ्यात जास्त माती होते ती अमेरिकेतून आलेल्यांच्या पीआयसी तासांची. तिकडे प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसून शिकवत असला तरी कंट्रोल तुमच्या हातात असलेला वेळ पीआयसी म्हणून लिहिता येतो. शिवाय दोन मित्र एकाच विमानात बसतात, एक जण डोळ्यांवर हूड (बाहेरचं दिसू नये म्हणून झापड) लावून उडवतो, दुसरा बाहेर लक्ष ठेवणारा सेफ्टी पायलट होतो आणि तोच एक तास दोघांच्याही लॉगबुकात चढतो. अमेरिकेच्या नियमात हे बसतं. इथे मात्र इन्स्ट्रक्टरसोबतचा तास म्हणजे डुअल, आणि सेफ्टी पायलटच्या तासांवर विसंबून अर्ज करू नये. समजा लॉगबुकात २५० तास आहेत, पीआयसी १५० दिसतात. त्यातले ३५ इन्स्ट्रक्टरसोबतचे आणि ४० सेफ्टी पायलटचे निघाले, तर हातात उरतात ७५. १०० ला कमी पडणारे हे २५ तास तिकडे असतानाच एकट्याने उडवून भरा. इथे आल्यावर तेच तास मिळवायला विमानाची आणि स्लॉटची वाट बघत बसावं लागतं.

म्हणून लॉगबुकात पेन्सिलने दोन नवे रकाने आखा: खरा सोलो पीआयसी आणि डुअल. प्रत्येक ओळ नव्याने मांडा. पानाच्या बेरजेखाली चीफ इन्स्ट्रक्टरची सही, त्यांचं नाव आणि लायसन्स नंबर घ्या. अमेरिकेतल्या बऱ्याच स्कूलमध्ये शिक्का वापरायची पद्धत नाही, पण इथे शिक्क्याशिवायचा कागद लगेच डोळ्यांत येतो. त्यामुळे लेटरहेडवर वेगळं पत्र घ्या. कोणत्या रजिस्ट्रेशनच्या विमानावर किती तास, डुअल किती, सोलो किती, सिम्युलेटर किती, हे त्यात आकड्यांनी लिहिलेलं असू द्या. स्कूल बंद पडतात, इन्स्ट्रक्टर एअरलाइनमध्ये निघून जातात. मग सहीसाठी माणूस सापडत नाही.

आता नावाचं. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. परदेशी लायसन्सवर कधी वडिलांचं नाव येतं, कधी गळतं. एकाच्या आडनावात एक ‘ए’, दुसऱ्यात दोन. ही तफावत मार्कशीट, पासपोर्ट, परदेशी लायसन्स, मेडिकल आणि आधार यांत शोधा आणि पासपोर्ट हा पाया धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. किरकोळ फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा. नावच वेगळं पडत असेल तर राजपत्रात नोंद करून घ्या. मराठवाड्यात आणखी एक भर पडली आहे: जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. पत्त्याचा पुरावा आणि ऑनलाइन फॉर्म यांत एकच रूप ठेवा.

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागतात. लातूरकडे नीटच्या तयारीत बायोलॉजी घेऊन मॅथ्स सोडलेली मुलं पुष्कळ. त्यांनी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून, तो विषय आधी काढावा, मग पुढचं बोलावं. दहावी-बारावीच्या मार्कशीटची पडताळणी बोर्डाकडून करून घ्यावी लागते. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूर विभागीय मंडळ. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोलीसाठी छत्रपती संभाजीनगरचं मंडळ. हे काम घरचं कुणीही करू शकतं, तुम्ही परत यायची गरज नाही.

याच कागदांवर डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षार्थीचा नोंदणी क्रमांक, मिळतो. त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही. परदेशी लायसन्स असणाऱ्यांना एअर रेग्युलेशन आणि कंपोझिट, म्हणजे नेव्हिगेशन आणि मेटिऑरॉलॉजी एकत्र, असे पेपर असतात. पास व्हायला ७० टक्के.

नेव्हिगेशनमध्ये गणित सारखंच, मोजमापं मात्र बदलतात. अमेरिकेत अल्टिमीटर इंचांत लावतात, दृश्यता स्टॅच्यूट मैलांत सांगतात. इथे हेक्टोपास्कल आणि मीटर. तिकडे ट्रान्झिशन अल्टिट्यूड (जिच्यावर अल्टिमीटर स्थानिक दाबाऐवजी प्रमाण दाबावर लावतात ती उंची) देशभर १८,००० फूट, इथे प्रत्येक विमानतळाची वेगळी. मेटिऑरॉलॉजीत पश्चिमी विक्षोभ, नैऋत्य मान्सून, कालबैसाखी (पूर्व भारतातली उन्हाळी वादळं) यांवर भर असतो. तिकडच्या पुस्तकांत हे नसतं. मार्चमधली आपल्याकडची गारपीट आठवत असेल तर क्युम्युलोनिंबसचा, म्हणजे गडगडाटी ढगांचा, धडा लवकर डोक्यात बसतो.

रेडिओची परीक्षा, आरटीआर, हलक्यात घेऊ नका. पूर्वी ती दूरसंचार विभाग घ्यायचा. भारतीय वायुयान अधिनियम २०२४ लागू झाल्यापासून, म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून, हे काम डीजीसीएकडे आलं. अमेरिकेचं रेडिओ परमिट नुसत्या अर्जावर मिळतं, त्याच्या भरवशावर राहू नका. तिकडची सवय इथे अडवते: फ्रिक्वेन्सी सांगताना ‘पॉइंट’ तोंडात येतं, इथे ‘डेसिमल’ हवं. दाबाचा आकडा सांगताना ‘अल्टिमीटर’ऐवजी ‘क्यूएनएच’. चिकलठाणा ते नांदेड असं काल्पनिक उड्डाण घ्या आणि व्हीटीने सुरू होणारं भारतीय विमानाचं कॉलसाइन वापरून स्टार्टअपपासून पार्किंगपर्यंत सगळं मोठ्याने बोला. मध्येच इंजिन बंद पडल्याचं धरून संकटाची हाक ‘मेडे’ तीनदा, संकटाची फ्रिक्वेन्सी १२१.५, ट्रान्सपॉन्डरवर संकटाचा कोड ७७००. रोज अर्धा तास, महिनाभर, आणि समोर चूक पकडणारं कुणीतरी हवं.

मेडिकल आधी क्लास २, मग क्लास १. क्लास २ झाल्यावर मिळणारा फाइल नंबर पुढच्या सगळ्या कागदांवर लागतो. क्लास १ ची तारीख मिळायला वेळ जातो, म्हणून परदेशात असताना सुट्टीत आलात की क्लास २ उरका. इंग्रजी भाषेची पातळी किमान ४ लागते. ४ असेल तर ३ वर्षांनी पुन्हा परीक्षा, ५ ला ६ वर्षं, ६ कायमची.

उड्डाणाच्या चाचण्यांसाठी मराठवाड्याला जवळची नावं म्हणजे बारामती, जळगाव, शिरपूर, विदर्भात गोंदिया. कमर्शियल लायसन्सच्या चाचण्यांत दिवसाची आणि रात्रीची जनरल फ्लाइंग, दिवसाची २५० नॉटिकल मैलांची क्रॉस-कंट्री, रात्रीची १२० मैलांची. मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंटचे चेक वेगळे. पैसे भरण्याआधी तीनच प्रश्न विचारा: मल्टी-इंजिन विमान सध्या उडतंय का, रात्री विमानतळ किती वाजेपर्यंत सुरू असतो, परीक्षक कधी उपलब्ध आहेत. रात्रीच्या चाचणीसाठी दिवे, हवामान आणि माणूस तिन्ही एकाच संध्याकाळी जुळावे लागतात. जून ते सप्टेंबर ढग उतरतात, एका आठवड्याचं काम दीड महिन्यावर जातं. पेपर पावसाळ्यात उरका, उड्डाणं ऑक्टोबरनंतर ठेवा.

लायसन्स खरं असल्याचं प्रमाणपत्र परदेशी यंत्रणेकडून यावं लागतं. अमेरिकेत हे काम ओक्लाहोमा सिटीच्या एअरमेन सर्टिफिकेशन शाखेकडे आहे. पडताळणीची विनंती सुरुवातीलाच करा, पेपरचा निकाल लागायची वाट बघू नका. मग सगळं ईजीसीए या डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवर चढवा. स्कॅन रंगीत, सरळ, कडा न कापलेला. लॉगबुकाचं एकही पान सुटू देऊ नका, कोरं असेल तरी.

भारतीय लायसन्स हातात पडेपर्यंत परदेशी लायसन्स चालू राहिलं पाहिजे. तिकडचं मेडिकल संपू देऊ नका. अमेरिकेत २४ महिन्यांनी फ्लाइट रिव्ह्यू लागतो. आणि तिकडचा पत्ता सोडून नांदेडचा किंवा बीडचा पत्ता दिलात, तर ७ जुलै २०२५ पासून अमेरिकेत राहणारा एक प्रतिनिधी एफएएकडे, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक यंत्रणेकडे, नोंदवावा लागतो. तो नसेल तर ते लायसन्स वापरता येत नाही. तिकडे राहणारा विश्वासू नातेवाईक किंवा मित्र प्रतिनिधी म्हणून चालतो. विमानात बसण्याआधीच त्याचं नाव भरून टाका.