जाहिरातीत शिरताय? आधी पैसा कुठून येतो ते विचारा

गेल्या आषाढात भाच्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, ऑफर लेटर आलं!" पद होतं 'ब्रँड स्टोरीटेलिंग स्पेशालिस्ट'. सीटीसी, म्हणजे कंपनी त्याच्यावर करणार तो एकूण खर्च, वर्षाला २ लाख ६४ हजार. दोन्ही बाजूंचा पीएफ, ग्रॅच्युइटी, व्यवसाय कर असं सगळं वजा केल्यावर हातात महिना साधारण साडेअठरा हजार.

२००९ साली मी रत्नागिरीहून मुंबईला जाऊन एका जाहिरात एजन्सीत ज्युनियर व्हिज्युअलायझर (जाहिरातीचं चित्र आणि मांडणी करणारा) म्हणून लागलो, तेव्हा १२ हजार हातात यायचे. डोंबिवलीत तिघांत एक खोली, माझा वाटा दीड हजार. भाच्याला त्याच डोंबिवलीत नुसती कॉट सहा हजारांना सांगितली. आकडा वाढला, पगार घटला.

कामाची यादी मी दोनदा वाचली. कॅप्शन लिहायच्या, पोस्ट बनवायच्या, रील कापायच्या, कमेंटना उत्तरं द्यायची, महिन्याचा रिपोर्ट क्लायंटला समजावायचा. आमच्या वेळी याला कॉपीरायटर, व्हिज्युअलायझर, स्टुडिओतला ऑपरेटर आणि क्लायंट सर्व्हिसिंगवाला असे चार जण लागायचे.

असं का झालं ते कळायला गणपतीआधी आठ दिवस इथल्या कुठल्याही फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभे राहा. तो चौरस फुटावर पैसे घेतो, डिझाइन फुकट. मोठ्या एजन्सींचंही वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. वर्तमानपत्रातल्या जागेवर १५ टक्के कमिशन मिळायचं, त्यातून क्रिएटिव्हवाल्यांचे पगार निघायचे. क्लायंटला वाटायचं, चित्र आणि मथळा वरकड मिळतोय. नव्वदच्या दशकापासून जागा विकत घेण्याचं काम वेगळ्या मीडिया कंपन्यांकडे जाऊ लागलं आणि कमिशनही त्यांच्याबरोबर गेलं. क्रिएटिव्हकडे उरली महिन्याची फी, आणि फी म्हटली की घासाघीस आलीच. पुढे गुहागरचा होमस्टेवालाही पाहुण्यांची जेवणं आटोपल्यावर ५०० रुपये टाकून फोनवरून स्वतःच इन्स्टाग्रामवर जाहिरात चालवू लागला. आता चित्रही एआय काढून देतं.

पैसा आटला की पदं फुगतात. मलाही एका वर्षी 'असोसिएट क्रिएटिव्ह डायरेक्टर' केलं. पगारवाढ शून्य, व्हिजिटिंग कार्ड नवं. आईने वाडीत पेढे वाटले. मी गप्प राहिलो. तसं पाहिलं तर एजन्सींची स्वतःची नावं तरी कुठे टिकतात? जेडब्ल्यूटीसारखं जुनं नाव २०१८ मध्ये वंडरमन या दुसऱ्या एजन्सीशी जोडलं गेलं आणि पाच वर्षांनी त्या जोडनावाचंही व्हीएमएल करायचं ठरलं.

म्हणून मुलाखतीत पदाबद्दल फार बोलू नका. विचारा: मी कुठल्या क्लायंटवर काम करणार? तो महिन्याची फी देतो की कामागणिक? करार कधी संपतो? हातात किती, ते लेखी घ्या. पोर्टफोलिओत नुसती सुंदर पोस्ट ठेवू नका. तिच्यामुळे किती फोन आले, किती खोल्या भरल्या, तेही लिहा. पुढचा मालक तेच बघतो.

गावात राहून फ्रीलान्स करायचं असेल तर अर्धे पैसे आधी घ्या. आंबेवाल्याचं काम फेब्रुवारीत करा आणि उरलेले पैसे मेअखेर मागून मोकळे व्हा. पाऊस लागला की तो फोन उचलत नाही. (माझ्या दोन बागायतदारांनी अजून उचललेला नाही.) आणि डिझाइनची ओळ बिलात वेगळी लिहा, रक्कम छोटी असली तरी.

भाच्याने ते प्रश्न मेलवर विचारले. तीन दिवसांनी उत्तर आलं: एकच क्लायंट, करार डिसेंबरपर्यंत. भाचा नोकरीवर गेला, पण कॉटवाल्याला सांगून अकरा महिन्यांच्या बोलीऐवजी महिन्याच्या भाड्यावर राहिला.