हेड बोल्ट आवळण्याआधी आटे बघा

इंजिन बांधून झालं, गाडी चार दिवस झकास चालली आणि मग रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले, की सगळे हेडखालच्या गॅस्केटला, म्हणजे गळती रोखणाऱ्या थराला, शिव्या घालतात. बोल्ट कसे आवळले होते, हे कोणी विचारत नाही.

हेड बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानेच हेड (इंजिनाचं वरचं झाकण) ब्लॉकवर (खालच्या मुख्य भागावर) दाबून धरतो. ठरवलेला जोर लागला की ‘टक्’ वाजणाऱ्या टॉर्क रेंचला हा ताण दिसत नाही, त्याला फक्त फिरवायला लागलेला जोर कळतो. त्यातला ढोबळमानाने नऊ दशांश जोर आट्यांच्या आणि बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणातच जातो. आटे गंजलेले असतील तर रेंच वेळेवर ‘टक्’ वाजतो, पण हेड सैलच राहतं.

म्हणून अर्धं काम साफसफाईचं. ब्लॉकच्या भोकांत आटे साफ करणारा चेझर फिरवा. कापणारा टॅप नको, त्याने आटे झिजतात. मग चष्मा लावून हवा मारा. बंद तळाच्या भोकात तेल किंवा कूलंट राहिलं तर ते दाबलं जात नाही, जोर ब्लॉकवर येतो आणि ब्लॉक तडकू शकतो. घाईत मी एकदा हे टाळलं होतं. नशीब की ब्लॉक वाचला, सगळं पुन्हा उघडण्यावर निभावलं. हेडवर सरळपट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) वाक तपासा.

आट्यांना आणि डोक्याखाली इंजिन ऑइलचा पातळ हात द्या, ठिबकेल इतकं नको. भोक वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे कूलंटच्या वाटेत, उघडत असेल तर तिथे सीलंट लागतो. मॅन्युअलमध्ये नसलेलं ग्रीस लावू नका. घर्षण घटलं की त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

सगळे बोल्ट आधी हाताने टेकवा. मग मधल्यापासून सुरू करून आलटून-पालटून टोकांकडे जा, म्हणजे गॅस्केट बाहेरच्या बाजूला सपाट होत जातं. एका दमात पूर्ण टॉर्क कधीच नाही. जुन्या स्कोडा ऑक्टाव्हियाचं १.९ टीडीआय डिझेल इंजिन घ्या: दहाही बोल्ट आधी ४० न्यूटन-मीटरला, मग ६० ला, मग पाव फेरा, आणि शेवटी आणखी पाव फेरा. प्रत्येक टप्पा दहाही बोल्टांवर पूर्ण झाल्यावरच पुढचा. फेरा मोजायला बोल्टच्या डोक्यावर रंगाचा ठिपका द्या. रेंच संथ ओढा, धक्के देऊ नका, आणि पहिल्या ‘टक्’ला थांबा. खात्रीसाठी दुसऱ्यांदा वाजवण्याची खोड वाईट.

हे आकडे फक्त त्या इंजिनाचे. तुमच्या मॅन्युअलचे घ्या आणि एकक दोनदा वाचा: ६० फूट-पाउंड म्हणजे सुमारे ८१ न्यूटन-मीटर.

असे शेवटी पाव-पाव फेरा देऊन, म्हणजे कोनाने, आवळायचे बोल्ट बहुतेकदा कायमचे लांबतात. कंपनी एकदाच वापरा म्हणत असेल, तर नवा संच घ्याच. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. त्यांना नंतर पुन्हा टॉर्क देऊन बघू नका. काही जुन्या इंजिनांत मात्र एकदा तापवून थंड झाल्यावर हेड परत कसायला सांगितलेलं असतं. तसं केलंत तर टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) गॅपही पुन्हा तपासा, कारण हेड खाली बसलं की तोही बदलतो.